तुम्हीच सांगा, सर!

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, यावर सल्ला देणारे पुष्कळ. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्याने काय करू नये, ते मात्र कोणी सांगत नाही. मी सांगतो. आमच्या खानदेशातल्या यावल तालुक्यातल्या गावात त्याने पारावर बसू नये. भर गर्दीत दाढी करायला जाऊ नये. लग्नाच्या पंगतीत ओळखीच्या माणसाशेजारी तर मुळीच बसू नये. कुठेही गेलं तरी "बरं झालं, सर सापडले!" हे ठरलेलं, आणि पाठोपाठ प्रश्न.

प्रश्नांना मी भीत नाही, जन्म त्यातच गेला. पण वर्गातलं पोरगं विचारतं ते त्याला माहीत नसतं म्हणून. मोठी माणसं विचारतात ती त्यांचं आधीच भांडण झालेलं असतं म्हणून. दोन बाजू पडलेल्या असतात, बहुतेक वेळा पैजही लागलेली असते, आणि त्यांना हवा असतो पंच. निकाल ज्याच्याविरुद्ध जाईल तो "सरांचं आता वय झालं" म्हणायला मोकळा.

उन्हाळा लागला की पहिला खटला कूलरचा. शेजारचे नाना दुपारी कूलर लावतात आणि घराची झाडून सगळी दारं-खिडक्या बंद करतात, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. मुंबईहून आलेले जावई घामाने निथळत मला बोलवायला आले. मी गेलो, पंपाची पिचपिच चाललेली होती, कूलरचं गवत चिंब होतं आणि खोलीत श्वास घेववत नव्हता. मी समजावलं, की पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा गार होते. पण ती वाफ खोलीतच कोंडली तर हवा ओलीगच्च होते, मग पुढचं पाणी सुकायचं कुठून? समोरची खिडकी उघडी हवी. मुंबईत समुद्रामुळे हवा आधीच दमट, म्हणून तिथे कूलर नुसता पंखा होतो. आपली मे महिन्यातली हवा कोरडी ठाक, म्हणून इथे तो चालतो.

नानांनी यातलं शेवटचं तेवढं घेतलं. "म्हणजे कूलर चांगला आहे, मुंबई खराब आहे. ऐकलं ना जावईबापू?" खिडकी दोन बोटं उघडली, तीही जावयाचा मान म्हणून.

दुसरा खटला तापमानाचा. हा फार नाजूक असतो. बाकीच्या महाराष्ट्रात तापमान कमी झालं की लोकांना बरं वाटतं. आमच्याकडे कमी सांगितलं की राग येतो. माझा मेहुणा भुसावळचा. त्याने घराच्या पत्र्यावर तापमापक टांगलाय आणि तो काटा पन्नाशीला टेकला की सगळ्या नातेवाइकांना फोटो जातो. मी एकदा म्हणालो, "दाजी, उन्हात टांगलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापलाय ते सांगतो. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो, सावलीत, जमिनीपासून चारेक फूट वर. तो आकडा खरा." "म्हणजे आमचे पाच-सहा अंश गेले?" सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तरी माणूस इतका खचत नाही. "आणि जळगाववाल्यांचे?" "त्यांचेही गेले." तेव्हा कुठे चहा आला.

शेवभाजीच्या रश्श्याने तोंड पोळलं तर पाणी की दूध, हा पंगतीतला खटला. उत्तर दूध किंवा दही. मिरचीतला तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. निकाल सोपा, पण देईपर्यंत माझं मीठ-लिंबू वाढणारा पुढे निघून जातो.

निवाडा न मागता नुसतं "का?" विचारणारा माणूस गावात एकच. रावेरकडे त्याच्या केळीच्या बागा आहेत. एकदा सुनेने फ्रिजमध्ये ठेवलेली केळी पिशवीत घालून घेऊन आला. साल काळीठिक्कर, आत गर पांढराशुभ्र. मी सांगितलं, साधारण 13 अंशांच्या खाली केळ्याच्या सालीतल्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात, हवा लागते आणि साल काळवंडते. त्याने साल नखाने खरवडून पाहिली, वास घेतला. "मग डिसेंबर-जानेवारीत बागेवर चरका पडतो, पानं करपतात, तोही थंडीचाच प्रकार ना?" मी खुर्चीतून उठलोच. "आणि आजोबा केळी पिकवायला बंद खोलीत धूर करायचे, तो कशाला?" धुरात इथिलीन असतं, फळ स्वतःही तेच सोडतं, आता पिकवणीच्या खोलीत तोच वायू मोजून सोडतात. तो मान हलवत होता. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "आता हे सांगा सर, माल तयार झाला की नेमका भाव पडतो, तो कशाने?" एवढा एक विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

गेल्या मे महिन्यात तर हद्द झाली. पारावर अप्पा म्हणाले, सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो. बापू म्हणाले, आपल्याकडे तो कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. पैज लागली, प्लेटभर शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी म्हणालो, खानदेश 21 अंश अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे इथे सूर्य वर्षात दोनदाच ऐन माथ्यावर येतो. मेअखेरीस एकदा आणि जुलैच्या मध्यानंतर एकदा. जुलैत ढग असतात, तेव्हा आत्ताच बघून घ्या.

त्या आठवड्यात पारासमोर पितळी गडू उपडा ठेवला. ठोक्याला बारा वाजले. गडूच्या पायथ्याशी बोटभर सावली. बापू टाळ्या पिटायला लागले. मी ओरडतोय, "थांबा! घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची आहे, आपण पश्चिमेला, आपला मध्यान्ह पंचवीसेक मिनिटं उशिरा!" कोण ऐकतो? ऊन असं, की अर्धी मंडळी तोवर झाडाखाली पळालेली. सव्वाबाराच्या पुढे सावली आखडत गेली आणि बारा पंचवीसच्या सुमारास गडूच्या कडेत पार शिरली. मी सगळ्यांना हाका मारून दाखवलं.

"आला ना डोक्यावर!" अप्पा म्हणाले. "जिंकलो!"

"पण बाराला कुठे आला?" बापू म्हणाले. "मी जिंकलो!"

खरं तर "रोज" म्हणणारे अप्पाही हरले होते आणि "कधीच नाही" म्हणणारे बापूही. तसं मी स्पष्ट सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बरेच दिवसांनी त्यांचं एकमत झालं. सर, तुमचा निकाल अमान्य, पण भूक लागलीय. दोघांनी दोन-दोन प्लेट शेवभाजी खाल्ली, वर जास्तीची तर्री मागवली. हरलेल्याने पैसे द्यायचे होते आणि हरलेला कोणी सापडत नव्हता, तेव्हा हॉटेलवाल्याने बिल सरळ माझ्यापुढे ठेवलं.