दोन रंगांचं विणकाम मैफलीला नेऊ नका

थंडीची चाहूल लागली की नागपुरात लोकरीच्या दुकानांत गर्दी होते आणि गाण्याच्या कार्यक्रमांच्या पत्रिकाही यायला लागतात. यंदा पहिल्यांदाच दोन रंगांच्या नक्षीची टोपी विणायची आणि तेच काम पिशवीत टाकून वसंतराव देशपांडे सभागृहात जाऊन बसायचं, असा बेत बऱ्याच जणींचा असतो. माझं मत अगदी स्पष्ट आहे: असं करू नका. गाण्यासाठी नको आणि टोपीसाठीही नको.

नक्षीच्या विणीत ज्या रंगाची पाळी नसते, तो धागा कापडाच्या मागून आडवा जातो. तो जरा आखडला की पुढच्या बाजूला चुण्या पडतात. एकरंगी कामात एखादी फेरी घट्ट आली तरी धुतल्यावर बरीचशी मिसळून जाते; मागचा आखडलेला धागा मात्र सैल होत नाही, उसवावंच लागतं. आता मैफलीत हातांचं काय होतं ते बघा. विलंबित चालू असतं तोवर ठीक. द्रुत सुरू झाली की बोटं नकळत त्या लयीमागे धावतात. शेवटी भैरवी लागते, गळा दाटून येतो, आणि मूठ आवळली जाते. त्या वेळात विणलेल्या चार-पाच फेऱ्या टोपीवर करकोचा पडल्यासारख्या दिसतात. वर सभागृहात अंधार, नक्षीचा कागद दिसत नाही.

ज्या गायक वसंतरावांच्या नावाचं ते सभागृह आहे, ते याच गावात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. गाणारा समोरच्या चेहऱ्यांकडे बघत गातो. आपण मान खाली घालून टाके मोजत बसलो तर त्याला ते दिसतं.

म्हणून नक्षीची सुरुवात घरी करा, सकाळच्या उजेडात. पहिलं काम टोपीचंच घ्या. स्वेटर नको: त्यात मापं चुकली तर महिनाभराची मेहनत जाते. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता खरा, पण एरवीच्या नागपुरी थंडीला कान झाकणारी टोपी पुरते. शिवाय दुपदरी वीण स्वेटरमध्ये दुपारी नकोशी होते.

रंग निवडताना मोबाइलवर दोन्ही गुंड्यांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. आपल्या गावाला शोभेल म्हणून संत्र्याचा केशरी आणि पानाचा हिरवा घ्यावासा वाटतो. दुकानात ही जोडी झकास दिसते, पण फोटोत बऱ्याचदा दोन्ही एकच राखाडी होतात आणि विणल्यावर नक्षी चार हातांवरून ओळखू येत नाही. गडद हिरवा आणि फिका केशरी घेतला तर जमेल. लाल किंवा मरून घेणार असाल तर वीतभर धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. डाग पडला तर तो गुंडा बदला.

नक्षीसाठी बाहेर कुठे शोधायला नको. आपल्या विदर्भाच्या टसर साड्यांचा करवत काठ नवशिक्या हातासाठी उत्तम आहे. ६ टाक्यांत एक दात बसतो. पहिल्या फेरीत ५ फिके, १ गडद. दुसरीत १ गडद, ३ फिके, २ गडद. तिसरीत २ गडद, १ फिका, ३ गडद. प्रत्येक फेरी दोनदा विणा, म्हणजे दात साधारण २ सेंटिमीटर उंच होतो. मागचा धागा कुठेही ५ टाक्यांपेक्षा लांब जात नाही, त्यामुळे तो मध्ये अडकवायची गरज नाही. याहून लांब गेला तर मध्ये एकदा पीळ घालून अडकवावा लागतो, नाहीतर टोपी घालताना बोट त्यात गुंततं.

मोठ्या माणसाच्या डोक्याला घेर ५० सेंटिमीटर धरा. डोकं ५५ असलं तरी टोपी ताणते. १० सेंटिमीटरला २४ टाके येत असतील तर १२० टाके, म्हणजे बरोबर २० दात. गडद लोकर १०० ग्रॅम, फिकी ५० ग्रॅम घ्या, थोडी उरेल. काठाला १० नंबरची गोल सुई, २ सुलट २ उलट, ४ सेंटिमीटर. नक्षीला ८ नंबरची. आधी मापासाठी छोटा नमुना विणाल, तोही गोलच विणा. सपाट विणलात तर उलट ओळीची ओढ वेगळी असते आणि माप फसतं.

धागे धरायचा नियम एकच: फिका नेहमी खालून, गडद नेहमी वरून. खालून येणारा रंग पुढे उठून दिसतो. मध्येच अदलाबदल झाली की अर्धे दात ठसठशीत आणि अर्धे फिके येतात, आणि कारण काही सापडत नाही. दर १०-१२ टाक्यांनी उजव्या सुईवरचे टाके नीट पसरवून मग पुढचा रंग घ्या. तरीही आखडत असेल तर टोपी आतली बाहेर करून विणा. मग मागचा धागा बाहेरच्या वळणावरून जातो आणि आपोआप पुरेसा सुटतो. ही युक्ती पहिल्याच टोपीला वापरावी, असं मी आग्रहाने सांगेन.

काठापासून ११ सेंटिमीटर झाले की माथा घटवायला घ्या: १५-१५ टाक्यांचे ८ भाग, प्रत्येक भागात एक जोडटाका (दोन टाके एकत्र विणून एक), आधी एकाआड एक फेरीत ७ वेळा, मग प्रत्येक फेरीत ७ वेळा. ८ टाके उरतात, त्यांतून धागा ओढून घ्या. टाके कमी झाले की गोल सुई अपुरी पडते, तेव्हा दोन्हीकडे टोक असलेल्या सुया जवळ ठेवा.

मैफलीला काही न्यायचंच असेल तर एकरंगी काठाचं काम न्या, बांबूच्या सुयांवर, कारण धातूच्या सुयांची टकटक आलापात तीन रांगांपर्यंत जाते. पडदा उघडेपर्यंत आणि मध्यंतरात विणा. तंबोरा लागला की पिशवीत. त्या रात्री घरी आल्यावरही नक्षीला हात लावू नका. जिथे थांबलात तिथे वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा आणि सकाळी आधी दोऱ्याच्या खालचे टाके पट्टीने मोजा. मग नव्या दोन फेऱ्या विणून तेच माप घ्या. १० सेंटिमीटरला २४ च्या जागी २६ येत असतील तर त्या दोन फेऱ्या लगेच उसवा.