ठाण्याला विचारलं, उत्तर भायखळ्याला

"तुला कळतं का गं त्यातलं सगळं?" आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी सकाळच्या लोकलमध्ये विचारलं. माझ्या हातात चांगली साडेतीनशे पानांची विज्ञान कादंबरी होती, आणि मी कॉमर्सवाली, बँकेत काउंटरवर बसणारी, हे डब्यात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "सगळं नाही कळत ताई, पण खाली ठेववत नाही." त्या हसल्या, विषय भाजीच्या भावावर गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना, म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसले.

कादंबरीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याने निम्मं रहस्य फुटेल. मंगळाजवळ पोहोचलेलं एक यान, त्यात तिघं जण. त्यातली इंजिनिअर बाई एका कप्प्यात अडकते. दार बाहेरून लागलंय, आणि ते आपोआप लागलेलं नाही हे तिला कळून चुकलंय. उरलेल्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही. बोलायचं तर फक्त पृथ्वीशी. आणि पृथ्वीपर्यंत आवाज पोहोचायला लागतात 14 मिनिटं.

प्रकाश सेकंदाला साधारण 3 लाख किलोमीटर जातो आणि रेडिओ संदेशही त्याच वेगाने जातात, हे आपण शाळेत पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरलो. तोच आकडा इथे एका बाईच्या जिवावर उठतो. मी तो माझ्या रोजच्या हिशेबात बसवून पाहिला. आमची फास्ट ठाण्याहून सुटली तेव्हा तिने विचारलं, "दार कुणी लावलं?" प्रश्न पृथ्वीवर पोहोचला तेव्हा घाटकोपर आलेलं. तिथल्या माणसाने क्षणही न दवडता उत्तर दिलं, तरी ते तिच्या कानावर पडणार दादर सोडून भायखळ्याच्या वाटेवर. मधल्या वेळात ती बोलतेच आहे, तोही बोलतोच आहे. त्याचं "घाबरू नकोस" तिच्यापर्यंत येतं तोवर ती घाबरून, रडून, गप्प झालेली असते. दोघांची वाक्यं एकमेकांना चुकतच राहतात. ते प्रकरण वाचताना घाटकोपरला डब्यात किती जणी चढल्या, मला पत्ताही नाही.

आणि कप्प्यातली हवा! बंद जागेत ऑक्सिजन संपला की माणूस मरतो, एवढंच मला ठाऊक होतं. प्रत्यक्षात त्याच्याही आधी आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड घात करतो. डोकं जड होतं, धाप लागते, विचार भरकटतात. लेखकाने हे कुठेही शिकवायला घेतलेलं नाही. त्या बाईची वाक्यं तुटायला लागतात, समोरचा एकच आकडा ती दोनदा वेगवेगळा वाचते, आणि आपल्या पोटात गोळा येतो. त्या रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी मोबाइलवर शोधत बसले, तर एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 या यानाची हकिकत सापडली. वाटेत मुख्य यान बिघडलं म्हणून तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घेतलेला. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे गोल, आणि मुख्य यानातले शिल्लक डबे चौकोनी. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांच्या मदतीने ते बसवले. खालच्या लोकांनी आधी स्वतः करून पाहिलं आणि मग एकेक पायरी तोंडी सांगितली. चंद्राजवळून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो, म्हणून ते सांगता तरी आलं.

हे सगळं मी स्वतःहून वाचलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, परीक्षा होती म्हणून नाही. त्या बाईचं काय होणार याची धाकधूक होती म्हणून.

त्यावरूनच 24 सप्टेंबर 2014 ची सकाळ आठवली. मंगळयान त्या दिवशी मंगळाच्या कक्षेत जायचं होतं. मी डबे भरत होते, टीव्ही चालू होता. इंजिन सुमारे 24 मिनिटं चालायचं, त्यातला काही वेळ यान मंगळाच्या आड, आणि संदेश पोहोचायला साडेबारा मिनिटं. शास्त्रज्ञ नुसते पडद्याकडे बघत बसले होते. मला तेव्हा वाटलं होतं, ही माणसं काही करत का नाहीत? करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आज्ञा आधीच यानावर पाठवून ठेवलेल्या. जे व्हायचं ते तिकडे होऊनही गेलेलं, इकडे फक्त कळायचं बाकी. ते बसणं काय होतं हे मला इतक्या वर्षांनी एका थ्रिलरने समजावलं. परवा ती क्लिप पुन्हा पाहिली. टाळ्या वाजल्या तेव्हा माझे डोळे भरून आले.

म्हणून "थ्रिलर म्हणजे टाइमपास, खरं विज्ञानसाहित्य वेगळं" असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे विज्ञानकथेच्या आधी प्रस्तावना येते, तीत संकल्पना समजावतात, मग कुठे गोष्ट सुरू होते. मी जाते त्या वाचनालयात तर ही पुस्तकं बालविभागाला लागून ठेवली आहेत. मोठ्या माणसाने संध्याकाळी दमून आल्यावर, निव्वळ पुढे काय होतं म्हणून ती घरी न्यावीत, असं कुणाच्या मनातच येत नसावं. जयंत नारळीकरांचं मला म्हणूनच फार कौतुक वाटतं. 1974 साली, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असताना, त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण कथा कथा म्हणूनच वाचली जावी अशी त्याची इच्छा. तिला बक्षीस मिळालं ते जगतापांच्या नावावर.

माझ्या या कादंबरीत सगळं उत्तम आहे असं नाही. दार कुणी लावलं ते मला निम्म्यातच कळलं होतं, आणि त्याचं कारण फारच तकलादू आहे. शेवटची चाळीस पानं लेखकाने घाईत उरकली आहेत. यानाच्या कक्षेचं गणित आलं ती तीन-चार पानं मी सरळ उलटली. पोथीचं पारायण नाही ते, एखादी ओळ राहिली म्हणून पुण्य कमी होत नाही. ज्यांना ते गणित कळतं त्यांना त्यात वेगळी मजा येत असणार, ती त्यांनी जरूर घ्यावी. माझ्या वाट्याला 14 मिनिटं आली, आणि ती पुरून उरली.

शुक्रवारी उतरताना पुस्तक त्या ताईंच्याच हातात दिलं. त्या नको नको म्हणत होत्या, "मला नाही बाई झेपायचं." काल रात्री अकरा वाजता त्यांचा मेसेज आला : "वाचते ना गं ती? नुसतं हो की नाही एवढंच सांग."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.