"पैशासाठी गेला" म्हणणाऱ्यांनी जोनाथन डेव्हिसची ती ट्राय पुन्हा बघावी

आज पुन्हा तेच कानावर आलं, "डेव्हिस पैशासाठी वेल्स सोडून गेला." डेव्हिस म्हणजे वेल्सचा फ्लाय-हाफ, संघाचा खेळ चालवणारा खेळाडू. रग्बीचे दोन प्रकार, तेव्हा हौशी असलेली युनियन आणि पैसे देणारी लीग; तो युनियन सोडून लीगमध्ये गेला. डोकं फिरलं. रग्बी कळणाऱ्या माणसाने असं बोलावं?

22 ऑक्टोबर 1994, लंडनचं वेम्बली, लीगचा सामना. समोर ऑस्ट्रेलिया. ग्रेट ब्रिटनचा कर्णधार शॉन एडवर्ड्सला पहिल्या हाफमध्येच बाहेर काढलेलं, मैदानात 13 पैकी उरले 12 जण. सगळ्यात मागे, फुलबॅकला खेळणाऱ्या डेव्हिसला चेंडू मिळतो, तो पासची हूल देतो, फटीतून निसटतो. पुढे ऑस्ट्रेलियाचा एकटा ब्रेट मलिन्स. त्यालाही बाहेरच्या अंगाने मागे टाकून थेट कोपऱ्यात झेप, चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, ट्राय! सामना 8-4 ने ब्रिटनचा. ही ट्राय चेकबुकातून निघते का?

युनियनमधला फ्लाय-हाफ लीगमध्ये गेला की त्याचं निम्मं भांडवल बुडतं. डेव्हिसचं हुकमी पान ड्रॉप गोल, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच लाथेने गोलखांबांमधून मारायचा. 1985 मध्ये वेल्सकडून इंग्लंडविरुद्ध पदार्पणातच त्याने ट्राय केली आणि ड्रॉप गोलही मारला. ड्रॉप गोलचे युनियनमध्ये 3 गुण, लीगमध्ये फक्त 1. लीगमध्ये लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकणं) नाही, रक (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झटापट) नाही. सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू समोरच्यांकडे. आणि बचाव करताना प्रत्येक टॅकलनंतर पूर्ण ओळीने मागे हटायचं, तेव्हा 5 मीटर, पुढे 10. मागे पोचायला एक क्षण उशीर झाला की ओळीत भगदाड. युनियनमधून आलेले नेमके इथेच दमतात. त्यात अंगाने हलका माणूस दिसला की दांडगे फॉरवर्ड मुद्दाम त्याच्याच अंगावर धावून येतात. डेव्हिसने अंगावर वजन चढवलं, विंग, सेंटर, फुलबॅक अशा जागा बदलत सगळं नव्याने शिकला. 1989 मध्ये त्याचा लीगमधला क्लब विड्नेस जगज्जेता क्लब झाला, ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेराला 30-18 ने हरवून. 1994 मध्ये तो लीगचा 'मॅन ऑफ स्टील', म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हो, 1989 च्या जानेवारीत विड्नेसने त्याला भरपूर पैसे दिले. दिले! पण त्याआधीचं वर्ष आठवा. न्यूझीलंड दौऱ्यात वेल्सने 52-3 आणि 54-9 असा मार खाल्ला. परत आल्यावर तो वेल्सचा खेळ चालवणाऱ्या वेल्श रग्बी युनियनच्या बैठकीत बोलू इच्छित होता, त्याला बोलू दिलं नाही. डिसेंबरमध्ये त्याच्याच कर्णधारपदाखाली वेल्स घरच्या मैदानावर रोमानियाकडून हरलं, आणि खापर फुटलं त्याच्या डोक्यावर. वर नियम असा की लीगशी करार केला की युनियनची दारं आयुष्यभर बंद. हौशी खेळाचं सोवळं तेवढं जपायचं, माणूस गेला तरी चालेल!

लिहिता लिहिता राग जरा निवळला. वेल्समधल्या ट्रिमसारन गावचा हा मुलगा, चौदाव्या वर्षी वडील गेले. 1995 च्या ऑगस्टमध्ये युनियनने स्वतःच पैशाचा खेळ मान्य केला, आणि नोव्हेंबरमध्ये 33 वर्षांचा डेव्हिस युनियनमध्ये परतून कार्डिफ क्लबकडून उतरला. वेल्सची लाल जर्सीही पुन्हा अंगावर आली. 1997 मध्ये शेवटचा सामना, पुन्हा इंग्लंडविरुद्ध, पुन्हा कार्डिफमध्येच. हरलं वेल्स, पण तो तिथे होता.

वेम्बलीची ती चित्रफीत लावा. या वेळी चेंडू नका बघू. मलिन्स कोणत्या कोनातून धावत येतो ते बघा, आणि तो कोन मोडायला डेव्हिस कधी वेग वाढवतो ते.