एकच लेआउट की भूमिकेनुसार वेगळे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्या दिवशीच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण दोन दिवस थांबलो. एवढी वर्षं एखादी यंत्रणा सांभाळलेल्या माणसाला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. शिवाय तुमचे काही मुद्दे मला मान्य करावे लागणार होते आणि ते नीट विचार करूनच करायचे होते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. क्लाउडवरच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भूमिकेला तिचा स्वतंत्र लेआउट, म्हणजे पानावर काय कुठे दिसेल याची मांडणी, द्यावा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे ऐकायला छान वाटतं, सांभाळायला नाही. तुमच्याकडे तीन लेआउटपासून सुरुवात झाली आणि चार वर्षांत सतरा झाले. एक नवं फील्ड, म्हणजे माहिती भरायचा रकाना, आलं की ते सतरा ठिकाणी टाकायचं. फोनवर एक जण म्हणतो, ‘खाली डावीकडे बघा’, तर दुसरा म्हणतो, ‘माझ्याकडे तिथे काहीच नाही’. लोकांना वाटतं की आपल्यापासून काहीतरी लपवलंय. आणि एकच माणूस दोन कामं करत असेल तर त्याला कुठला लेआउट द्यायचा, याचं उत्तर माझ्या लेखात नाही. शेवटी तुम्ही सगळे लेआउट मोडून एकच ठेवलात आणि आता सगळं सुरळीत चालू आहे.

सतरा लेआउटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझ्या लेखाचीही आहे. सेल्सफोर्स या विक्री आणि ग्राहकसेवेच्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये कुणाला कुठलं पेज लेआउट दिसेल, ते प्रोफाइल (वापरणाऱ्याचा प्रकार) आणि रेकॉर्ड टाइप (नोंदीचा प्रकार) यांच्या जोडीवरून ठरतं. आठ प्रोफाइल आणि सहा रेकॉर्ड टाइप असले की नेमणुकीच्या तक्त्यात 48 चौकोन तयार होतात. त्या 48 चौकोनांत एकच लेआउट नेमायलाही काही हरकत नसते. पण तक्ता समोर उघडला की प्रत्येक चौकोनात काहीतरी वेगळं हवं असं वाटू लागतं. मग एका विभागाला एक फील्ड नको असतं, म्हणून लेआउटची प्रत काढली जाते. पुढच्या तिमाहीत त्या प्रतीची प्रत निघते. वर्षभराने कुठल्या दोन लेआउटमध्ये नेमका काय फरक आहे हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे त्यातला एखादा काढून टाकायचं धाडसही कुणी करत नाही. तुमच्याकडे हेच झालं असणार. माझ्या लेखातली सगळी उदाहरणं हुद्द्यांची होती: विक्री प्रतिनिधी, विक्री व्यवस्थापक, लेखापाल. ती वाचून कुणीही हुद्द्यागणिक लेआउट काढायला बसेल. मला म्हणायचं होतं कामाबद्दल, आणि उदाहरणं दिली पदांची.

या गोंधळाचं मूळ ‘भूमिका’ या शब्दातच आहे असं मला वाटतं. संगणक क्षेत्रात हा शब्द रुजला तो परवानग्यांच्या संदर्भात. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी 1992 मध्ये भूमिकाधारित प्रवेश नियंत्रणाचा आराखडा मांडला आणि 2004 मध्ये अमेरिकेत त्याचं प्रमाणित मानक झालं. कल्पना साधी आहे. माणसाला एकेक परवानगी देत बसण्याऐवजी परवानग्यांचा गठ्ठा भूमिकेला द्यायचा आणि माणसाला त्या भूमिकेवर नेमायचं. कोण काय करू शकतो, हा तिथला प्रश्न. लेआउटचा प्रश्न निराळा आहे: समोरच्या माणसाला आत्ता, या रेकॉर्डवर, आधी काय दिसायला हवं? पहिल्या प्रश्नासाठी बनवलेली यादी आपण दुसऱ्या प्रश्नासाठी वापरतो आणि मग पसारा वाढत जातो.

दोन प्रश्नांची गल्लत झाली की पसाऱ्यापेक्षाही वाईट गोष्टी होतात. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी काम करताना खरेदी किंमत विक्री प्रतिनिधींना दिसू नये अशी मागणी आली. ते फील्ड त्यांच्या लेआउटमधून काढलं गेलं आणि काम झालं असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. काही आठवड्यांनी एका प्रतिनिधीने स्वतःसाठी रिपोर्ट बनवला आणि स्तंभांच्या यादीत खरेदी किंमत निवांत बसलेली होती. त्याने काहीही वावगं केलं नव्हतं, फील्ड यादीत दिसलं म्हणून घेतलं. लेआउटमधून काढलेलं फील्ड रिपोर्टमध्ये, लिस्ट व्ह्यूमध्ये (नोंदींच्या यादीत), एपीआयमधून (इतर प्रोग्रॅम माहिती घेतात त्या मार्गाने) मिळतच राहतं. ते खरोखर बंद करायचं तर फील्ड पातळीवरची सुरक्षा वापरावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रल या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्येही प्रोफाइलसाठी पान सजवणं वेगळं आणि परवानगी संच वेगळे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या 2021 च्या यादीत वेब ॲप्लिकेशनच्या धोक्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर प्रवेश नियंत्रणातले दोष आहेत, ते उगीच नाही.

म्हणून ‘लपवलंय असं वाटतं’ या तुमच्या मुद्द्यावर माझं उत्तर असं: जे खरंच दाखवायचं नाही ते परवानगीने बंद करा आणि ते बंद आहे असं लोकांना उघडपणे सांगा. लेआउटचा वापर लपवण्यासाठी करूच नका. लेआउटमधून काढलेली गोष्ट शोधणाऱ्याला सापडायलाच हवी, तपशिलाच्या टॅबमध्ये असेल किंवा रिपोर्टमध्ये. एकदा लोकांना हे कळलं की संशय बराच कमी होतो, असं मी पाहिलंय.

आता तुमच्या एकाच लेआउटबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

एकच लेआउट म्हणजे सगळ्या विभागांच्या फील्डची बेरीज. तुम्ही लिहिलंय की लोक नको ते सोडून पुढे जातात, त्यात काय एवढं. रोज तोच फॉर्म भरणारा माणूस जातो, हे खरं. त्याच्या बोटांना जागा पाठ असतात. पण आठवड्यातून एकदा तो फॉर्म उघडणारा, नव्याने रुजू झालेला किंवा दुसऱ्याच्या रजेत त्याचं काम बघणारा माणूस प्रत्येक लेबल वाचत वाचत खाली जातो. त्याला एक फील्ड शोधायला लागणारा वेळ फील्डच्या संख्येबरोबर वाढत जातो. आणि यंत्रणा बदलली की तक्रार करायची सोय बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या माणसाला असते. दुसरा गप्प राहून चुकीच्या फील्डमध्ये माहिती टाकतो. ‘सगळं सुरळीत चालू आहे’ हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. विचारण्याऐवजी एकदा रिपोर्ट काढून बघा: विभागवार, कुठलं फील्ड किती रेकॉर्डमध्ये भरलेलं आहे. एखाद्या विभागाच्या लोकांनी तुमच्या लेआउटमधली अर्धी फील्ड कधीच भरलेली नसतील, तर ती फील्ड त्यांच्या वाटेत उभी आहेत.

अनिवार्य फील्डचं तर विचारूच नका. लेआउट एकच असला की एका विभागाला हवं असलेलं अनिवार्य फील्ड सगळ्यांना भरावं लागतं आणि मग त्यात टिंब, शून्य किंवा ‘लागू नाही’ भरायची पद्धत पडते. अर्थात लेआउट वेगळे करतानाही इथे खड्डा आहे, तो मी मूळ लेखात सांगायला हवा होता. सेल्सफोर्समधला व्हॅलिडेशन रूल, म्हणजे सेव्ह करताना माहिती तपासणारा नियम, फील्ड लेआउटवर आहे की नाही हे बघत नाही. लेआउटमधून फील्ड काढलं आणि नियम तसाच राहिला, तर माणसाला सेव्ह करताना अशा फील्डची त्रुटी दिसते जे त्याच्या स्क्रीनवर नाहीच. लेआउट बदलायच्या आधी त्या ऑब्जेक्टचे, म्हणजे त्या प्रकारच्या नोंदींचे, सगळे नियम वाचून काढणं हे कंटाळवाणं काम टाळता येत नाही.

मग सतरा लेआउटही नकोत आणि एकच लेआउटही नको, तर काय? माझी कसोटी आता अशी आहे: दोन कामांत पायऱ्यांचा क्रम वेगळा असेल तरच वेगळा लेआउट. तक्रार घेणारा माणूस आधी ग्राहक ओळखतो, मग उत्पादन, मग अडचण. करार नूतनीकरण करणारा आधी तारीख बघतो, मग रक्कम, मग जुना पत्रव्यवहार. हे दोन वेगळे प्रवास आहेत, त्यांना दोन लेआउट द्या. पण दोन विभागांमध्ये फरक चार फील्डचाच असेल तर प्रत काढू नका, दृश्यमानतेचा नियम लावा. सेल्सफोर्सच्या डायनॅमिक फॉर्म्समध्ये एखादं फील्ड किंवा पानाचा अख्खा भाग केव्हा दिसावा हे रेकॉर्डमधल्या मूल्यावरून, वापरणाऱ्याच्या परवानगीवरून किंवा तो मोबाइलवर आहे की डेस्कटॉपवर यावरून ठरवता येतं. नवं फील्ड आलं की एकाच ठिकाणी टाकायचं. तुमच्या सतरांतले किती या कसोटीवर उरतील हे मी इथून सांगू शकत नाही, पण बहुतेक वेळा दोन विभागांचे लेआउट शेजारी ठेवले की क्रम तोच निघतो.

दोन कामं करणाऱ्या माणसाचा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, कारण हुद्द्यावर आधारलेली मांडणी नेमकी तिथे मोडते. सेल्सफोर्समध्ये एका माणसाला प्रोफाइल एकच असतं. वरून परवानगी संच कितीही देता येतात, पण पेज लेआउटची नेमणूक प्रोफाइललाच चिकटलेली राहते. सकाळी विक्री आणि दुपारी तक्रारी बघणाऱ्याला तिथे उत्तर मिळत नाही. उत्तर ॲपच्या पातळीवर मिळतं. लाइटनिंग या सेल्सफोर्सच्या नव्या इंटरफेसमध्ये रेकॉर्डचं पान ॲपनुसार नेमता येतं. तोच माणूस, तेच ग्राहकाचं रेकॉर्ड. विक्रीच्या ॲपमधून उघडलं तर एक पान, सेवेच्या ॲपमधून उघडलं तर दुसरं. काम बदललं की तो ॲप बदलतो, ॲडमिनला काही करावं लागत नाही. बिझनेस सेंट्रलमध्ये तर वापरणाऱ्याला स्वतःच्या सेटिंगमधून भूमिका बदलता येते आणि त्याबरोबर त्याचं मुख्य पान, म्हणजे रोल सेंटर, बदलतं. ही कल्पना त्या उत्पादनात जुनी आहे. त्याचा पूर्वज असलेल्या डायनॅमिक्स नॅव्हच्या 2009 आवृत्तीतच भूमिकेनुसार रचलेला क्लायंट आला होता.

फोनवरच्या ‘खाली डावीकडे’ या अडचणीवर मी बराच विचार केला. तुम्ही बरोबर आहात: जागा पाठ असणं ही मोठी सोय आहे आणि ती मोडली की लोक चिडतात. ऑफिस 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापरातल्या आज्ञा आपोआप आड करणारे मेनू आणले होते. मेनू लहान झाले, पण कालची गोष्ट आज त्या जागी दिसेल याची खात्री गेली. 2007 मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आलं, त्यात आज्ञांच्या जागा ठरलेल्या होत्या. यावरून मी एक नियम घेतो. पानाचा वरचा भाग, म्हणजे नाव, क्रमांक, सद्यःस्थिती, जबाबदार व्यक्ती आणि शेवटची हालचाल, सगळ्या लेआउटमध्ये सारखा आणि त्याच जागी ठेवायचा. वेगळेपणा त्याच्या खालीच. आणि पानावरच्या विभागांना स्पष्ट नावं द्यायची, म्हणजे फोनवर ‘खाली डावीकडे’ न म्हणता ‘देयकाच्या विभागात बघा’ असं म्हणता येतं. पानावरचा तो विभाग समोरच्याकडे नसेल तर ते काम दुसऱ्या खात्याचं आहे हेही लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट मी मूळ लेखात अजिबात लिहिली नव्हती, ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे सुचली. भूमिकेनुसार लेआउट करताना आपण प्रत्येकाला त्याचं त्याचं काम दाखवतो आणि शेजारच्या कामाशी असलेला धागा तोडतो. माल पाठवणाऱ्याच्या पानावर ऑर्डर, पत्ता, नग, वाहन इतकंच असतं. ऑर्डर उधारीची मर्यादा ओलांडल्यामुळे थांबवलेली असते. त्याला फक्त ‘थांबवली’ दिसतं, थांबवण्याचं कारण दिसत नाही, कारण ते लेखा विभागाचं फील्ड. मग तो फोन करतो, लेखा विभाग रेकॉर्ड उघडून बघतो, कारण वाचून दाखवतो. हे रोज अनेकदा. दोन्ही माणसांचा वेळ जातो आणि एकमेकांबद्दल कुरकुर वाढते ती वेगळीच. त्याला लेखा विभागाची सगळी फील्ड द्यायची गरज नाही. थांबवण्याचं कारण आणि ते कुणी सोडवायचं, एवढी एक ओळ फक्त वाचण्यापुरती दिली तरी तो फोन टळतो. म्हणून आता लेआउट ठरवताना मी त्या माणसाला विचारतो: तुम्ही दिवसात कुणाला फोन करता आणि काय विचारता? त्याच्या कामाच्या यादीपेक्षा या उत्तरातून जास्त फील्ड सापडतात. एकाच लेआउटमध्ये ही सोय तुमच्याकडे आपोआप झाली असणार, आणि तुमचे लोक खूश असण्याचं खरं कारण कदाचित हेच असेल. तसं असेल तर त्यासाठी बाकीची सगळी गर्दी सहन करायची गरज नाही.

मूळ लेखात आज तीन बदल करतो आहे. हुद्द्यांची उदाहरणं काढून तिथे कामांची घालतो. लेआउट म्हणजे सुरक्षा नव्हे, हे सुरुवातीलाच लिहितो. आणि शेजारच्या कामाच्या त्या ओळीवर एक परिच्छेद जोडतो, तुमच्या प्रतिक्रियेच्या उल्लेखासह, तुमची हरकत नसेल तर. विभागवार भरलेल्या फील्डचा रिपोर्ट काढलात तर आकडे काय येतात ते इथेच खाली लिहा. ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेले तरी मला हवे आहेत.