काकांचा गुडघा आणि माझं ऑइल सील

परवा साखरपुड्याच्या हॉलच्या दारातच मेहुणीने विचारलं, "भाऊजी, भजी तळून आलात का?" खाली पाहिलं तर क्रीम पँटवर गुडघ्यापासून बुटापर्यंत तेलाचा ओघळ. बाइकच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजातल्या पोराने हँडल दोनदा दाबलं आणि तेलकट बोट माझ्या नाकासमोर धरलं. "जोडी टाकावी लागेल सर." सील म्हणजे बांगडीएवढं रबर. त्याला आतून पातळ ओठ, ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग. शॉकअपचा पाइप खाली-वर होताना तेल आत आणि धूळ बाहेर ठेवायची, एवढीच नोकरी.

"काही टाकायचं नाही!" आपल्या स्कूटरची वाट बघत बसलेले एक काका गरजले. "ओठाखाली कचरा अडकलाय. कॅमेऱ्याचा रोल आहे का रे?"

"काका, आता कुठला रोल?"

"मग थांब." काका लंगडत घरी गेले आणि भलामोठा पिवळा लिफाफा घेऊन आले. आत त्यांचा उजवा गुडघा, २०११चा. तो उन्हात धरून आधी सगळ्या गॅरेजला दाखवला. "बघ, इथली गादी झिजलीय. डॉक्टर म्हणाले, बदला. मी बदलला?" मग कात्री मागितली. "नडगीकडून काप. गुडघ्याला हात लावू नकोस."

ती एक्स-रेची पट्टी सीलच्या ओठाखाली सरकवून त्यांनी पाइपभोवती गोल फिरवली. खरंच, काजळासारखा चिखल निघाला! काकांनी तो माझ्याच सीटवर पुसला. शंभरेक रुपये वाचले म्हणून मी त्यांना चहाही पाजला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ओघळ. आता तेल डिस्कवर उतरलेलं, सिग्नलला ब्रेक लागेना, पुढच्या रिक्षावाल्याने माझ्या आईची आठवण काढली. पोराने पाइपवर नख फिरवलं, ते अडकलं. गंजाचे खड्डे. ते प्रत्येक हिसक्याला रबराचा ओठ खरवडतात. नुसतं नवीन सील टाकलं तर तेही कापलं जाणार. म्हणजे पाइपही बदला. पंधरा वर्षांचा रस्ता कर गाडी घेतानाच एकरकमी भरलाय मी, आणि आमच्या गल्लीत रस्ता म्हणून जे काही आहे ते या पावसाळ्यात तिसऱ्यांदा खणलंय. पाइपाचे पैसे कोणाकडे मागू?

काल काका कोपऱ्यावर भेटले. "तेल येतंय?"

"येतंय."

"मग उद्या कमरेचा आणतो. ती फिल्म जाड आहे."