अलाउ-युनिकोड ट्रू केलं, आता मराठी यूआरएल चालेल? नाही

जँगोत (वेबसाइट बांधायच्या पायथनच्या चौकटीत) वाचनीय यूआरएल करायची एक कृती सगळीकडे फिरते आहे: शीर्षक स्लगिफायमधून काढा (हे फंक्शन शीर्षकाचा पत्त्यात बसणारा तुकडा, म्हणजे स्लग, बनवतं), त्याचा अलाउ-युनिकोड हा पर्याय ट्रू ठेवा म्हणजे मराठीही चालेल, आणि पत्त्यातला आकडी आयडी काढून टाका. इंग्रजी शीर्षकांचं यात निभावतं. मराठीत पहिल्याच पायरीला घोळ होतो.

‘मराठीही चालेल.’ तो पर्याय न देता ‘पुणे’ टाकलं तर हाती रिकामी स्ट्रिंग येते. पर्याय दिल्यावर येतं ‘पण’. ‘पाणी’ टाका, तरी ‘पण’च. स्लगिफाय पायथनच्या रेगेक्समधल्या (मजकूर जुळवायच्या नमुन्यांतल्या) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’वर, म्हणजे ‘अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर’ या खुणेवर, विसंबतं आणि त्यात काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त बसत नाहीत, ते सरळ गळतात. स्लग युनिक ठेवला असेल (एकच स्लग दोनदा चालत नसेल), तर दुसरा लेख सेव्ह करताना इंटेग्रिटी एरर. म्हणून स्वतःचं फंक्शन लिहा: जपायच्या अक्षरांत देवनागरीचा युनिकोड पट्टा (०९०० ते ०९७एफ) घाला, दंड मात्र आधी काढा, तोही याच पट्ट्यात आहे. झीरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) हाही राखा, नाहीतर जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो.

एवढं करूनही ॲडमिनमध्ये (जँगोच्या तयार संपादन-पानांत) बरोबर लिहिलेलं ‘पुणे’ नाकारलं जातं, कारण स्लगफील्डचा, म्हणजे स्लग साठवायच्या रकान्याचा, युनिकोड व्हॅलिडेटरही (तपासणीचा नियमही) त्याच ‘डब्ल्यू’वर चालतो. साधा मजकुराचा रकाना, कॅरफील्ड, वापरा, व्हॅलिडेटर आपला. पाथमधला (पत्त्याचा नमुना लिहितो तिथला) ‘स्लग’ कन्व्हर्टर तर फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो. मराठी स्लगवर रिव्हर्स केलं (मार्गाच्या नावावरून पत्ता बनवला) की नो-रिव्हर्स-मॅच ही एरर. तिथे ‘स्ट्र’ ठेवा किंवा रजिस्टर-कन्व्हर्टरने स्वतःचा नोंदवा.

पण ‘स्ट्र’ तिरपी रेघ सोडून काहीही गिळतो. ‘लेख/नवीन/’ हा मार्ग यादीत त्याच्या वर हवा, नाहीतर ‘नवीन’ हाच स्लग धरला जाईल; जँगो वरून खाली पाहतं आणि पहिल्या जुळणीला थांबतं.

‘आयडी काढा.’ उलट, ठेवा. शीर्षक दुरुस्त झालं, स्लग बदलला, की जुन्या लिंकवर ४०४. ‘लेख/५१२/पुणे/’ असा पत्ता ठेवून लेख फक्त आयडीने शोधा. स्लग जुळला नाही तर ३०१ने (कायमच्या रीडायरेक्टने) गेट-ॲब्सोल्यूट-यूआरएलकडे, म्हणजे लेखाच्या आत्ताच्या पत्त्याकडे, पाठवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-साइटच्या पत्त्यांतही प्रश्नाचा क्रमांक आधी, शब्द नंतर असतात.

‘वाचनीय’चं म्हणाल तर ॲड्रेस बारमधून कॉपी केलेली मराठी लिंक बरेचदा टक्के-चिन्हांची माळ होऊन चिकटते. देवनागरीच्या एका चिन्हाचे यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट ‘%E0’सारखा तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे पत्त्यात नऊ अक्षरं. ५० चिन्हांचा स्लग ४५०वर जातो. लिंक मुख्यतः मेसेजमधून फिरणार असेल, तर हाताने लिहिलेला छोटा रोमन स्लग बरा.