फोटो पहिले त्या घरात लागला पाहिजे

मागच्या श्रावणात, पाऊस नुसता कोसळत असताना, मेळघाटाच्या पायथ्याला, परतवाड्याच्या माझ्या फोटोच्या दुकानात एक पोरगा आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं माखलेले. छातीशी धरलेल्या पिशवीतून त्यानं आधार कार्ड काढलं, शर्टाला पुसलं आणि काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, याच्यावरचा मायचा फोटो मोठा करून द्या. माय गेली."

आधार कार्डावरचा फोटो मोठा होत नाही. केला तर चेहऱ्याच्या जागी करडे ठिपके येतात. हेच सांगायला तोंड उघडलं आणि कपाळावरचं गोंदण दिसलं. ही बाई माझ्या हार्ड डिस्कवर होती. अकरा फोटो. त्यातला एक पुण्यात प्रदर्शनात लागला होता, तीन फूट बाय दोन फूट, काळ्या चौकटीत. त्याला बक्षीसही मिळालं. खाली पट्टी होती, 'कोरकू वृद्धा, मेळघाट'. तिचं नाव मी त्या दिवशी आधार कार्डावर पहिल्यांदा वाचलं.

हे लिहायला मला वर्ष लागलं.

तो फोटो मोह वेचतानाचा आहे. मार्च संपत आला होता, सेमाडोहच्या पुढं रस्ता सोडून आत एक गाव. मोहाची फुलं रात्रीतून, पहाटे गळतात. गुरं आणि हरणं यायच्या आत ती वेचावी लागतात, म्हणून बाया-पोरं अंधारातच झाडाखाली जातात. मी पोचलो तेव्हा तिची अर्धी टोपली भरली होती. ताजं मोहफूल हातात घेतलंय कधी? गुबगुबीत, पाणीदार, जरा दाबलं की रस सुटतो आणि बोटं चिकट होतात. ती एकेक फूल दोन बोटांच्या टोकानं उचलायची. नखांत माती, मातीवर तो चिकटा, त्याला चिकटलेलं पानाचं तूस. मग ऊन आलं, तिरपं, टोपलीच्या काठावरून सरळ तिच्या तोंडावर. फोटोवाल्याला आणखी काय पाहिजे? अर्ध्या तासात माझं काम झालं. निघताना तिनं विचारलं होतं, "फोटू देशील काय, बाबू?" मी हो म्हटलं.

आपण फोटोवाले सगळेच हो म्हणतो.

मेळघाटात कॅमेरे काही आज आलेले नाहीत. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, वाघाचे फोटो काढणारे आले. १९९३ मध्ये बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या आणि पोरांच्या बरगड्यांचे फोटो काढणारे आले. त्या फोटोंनी सरकार हललं, कोर्टात याचिका गेल्या, त्यांचं मोल मी नाकारत नाही. आता आपण येतो, 'हरवत चाललेलं डोंगरातलं जीवन' टिपायला. आधी बरगड्या पाहिजे होत्या, आता सुरकुत्या पाहिजेत. समोरचं माणूस कोण, त्याच्या घरी कोण कोण आहे, हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं आणि आजही विचारत नाही.

आणि सगळ्यांना एकाच पट्टीखाली बसवतो, 'आदिवासी'. कोरकूंची भाषा मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली, तिकडं झारखंडकडं तिचे सोयरे. त्याच डोंगरात गवळी आहेत, गोंड आहेत, निहाल आहेत, बलाई आहेत. चिखलदऱ्याच्या वाटेवर म्हशी हाकणाऱ्या गवळ्याच्या फोटोखाली 'कोरकू आदिवासी' लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याखाली शेकडो लाइक.

एका फोटोग्राफी कार्यशाळेत मी वाट दाखवायला गेलो होतो. एका ओसरीवर बाई भांडी घासत होती. अंगात गाऊन, बाजूला निळी प्लास्टिकची घागर, भिंतीला मोबाइल चार्जिंगला लावलेला. आयोजकानं तिला लुगडं नेसायला लावलं, घागर हलवली, शेजारच्या घरातून मातीचं मडकं आणलं, तिच्या हातात शंभराची नोट दिली. पंधरा जणांनी तोच फोटो काढला. मी मडकं उचलू लागलो होतो, हे इथं लिहितो, कारण लपवलं तर बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

ती निळी घागर काढायची कशाला? तांब्याची परवडत नाही, मातीची फुटते आणि हातपंप लांब आहे, हे सगळं ती घागर सांगते. दिवाळीनंतर निम्मं गाव कुलूप लावून खाली मैदानात मजुरीला उतरतं, हरभरा सोंगायला, संत्रा तोडायला, वीटभट्टीवर, आणि होळीला परत येतं. जीपच्या टपावर गाठोडं, मांडीवर पोर, हातात कोंबडी, हेही डोंगरातलं जीवनच आहे. त्याचे फोटो कितीजणांनी काढलेत? मी तरी काढले नव्हते.

१९३६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग यांनी वाटाण्याच्या मजूर छावणीत एका आईचा फोटो काढला. गालाला हात, दोन्ही खांद्यांवर पोरं तोंड लपवून. जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी तो एक. त्या बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगाला कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा ती म्हणाली की मला नाव विचारलं नाही आणि या फोटोचा मला एक पैसा मिळाला नाही. हे मी तरुणपणी वाचलं होतं. वाचून हळहळलोही होतो. आणि तरी मोहाच्या झाडाखाली तेच केलं.

मला लोक म्हणतात, दस्तऐवज तर झाला ना? पुढच्या पिढीला कळेल. कोणाच्या पुढच्या पिढीला? बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पातून उठली आणि खाली वसली. आता तिथल्या पोराला आपल्या आज्याचं घर, समोरासमोरच्या दोन ओळी, कुडाच्या भिंती, कवेलूचं छप्पर बघायचं असेल तर ते आहे कुठं? नागपूर-पुणे-मुंबईच्या हार्ड डिस्कवर, ज्यांचे पत्ते त्याला माहीत नाहीत अशा माणसांकडं.

कोरकूंमध्ये माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीचा विधी करतात, सिडोली. सागाच्या फळीवर घोडेस्वार, चंद्र, सूर्य कोरून ती उभी करतात, त्या फळीला मुंडा म्हणतात. गेलेलं माणूस डोळ्यासमोर ठेवायची रीत या लोकांकडं कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आम्ही त्या मुंड्यांचे फोटो काढतो, मागं सूर्य मावळताना, आणि ज्या पोराला मायचा चेहरा पाहिजे त्याला आधार कार्ड घेऊन घाट उतरावा लागतो.

त्या दिवशी मी त्याला अकराच्या अकरा फोटो छापून दिले. तो सगळ्यात जास्त वेळ बघत बसला तो बक्षिसाचा नव्हता. एका फोटोत माय मागं वळून कोणावर तरी ओरडतेय, फोकसही हललेला. "हे मायच आहे," म्हणाला. पैसे घ्या म्हणून मागंच लागला.

तेव्हापासून मी असं करतो. आधी नाव, वहीत, त्याच्याच तोंडून. मग गाव, शेजाऱ्याचं नाव, कारण पुढच्या वेळी ते माणूस मजुरीला गेलेलं असलं तर प्रिंट कोणाजवळ ठेवायचा हे शेजारीच सांगतो. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणू नका. कितीतरी गावांत रेंज नाही, आणि फोन बिघडला की फोटोही गेला. प्रिंट द्या, आणि लॅमिनेट करून द्या, नाहीतर चुलीचा धूर आणि पावसाळ्यातली बुरशी दोन वर्षांत खाऊन टाकते. चार बाय सहाचा प्रिंट दोन चहाच्या पैशात होतो. आपल्या एका लेन्सच्या किमतीत अख्ख्या तालुक्याला चेहरे मिळतील.

तुमच्यापैकी ज्यांनी सेमाडोह, हरिसाल, धारणी, चिखलदरा या बाजूला फोटो काढलेत, ते मला मूळ साइजमध्ये पाठवा, कितीही जुने असोत. गावाचं नाव आठवत नसेल तर रस्ता सांगा, नदी सांगा, झाड सांगा. छपाई मी माझ्या दुकानात करतो. होळीला सगळे घरी असतात, तेव्हा जाऊन देईन. सध्या त्रेसष्ट प्रिंट तयार आहेत. त्यातली साठ माणसं ओळखू आली. राहिलेल्या तिघांचे फोटो खाली कमेंटमध्ये लावतो. पहिल्या फोटोतल्या म्हाताऱ्याचा डावा कान थोडा फाटलेला आहे आणि मागं सिपना नदी आहे. कोणी ओळखत असाल तर सांगा.